नुसत्या हाताची कॉफी

इसरूनं चहा पिऊन ठेवलेला कप श्रावणनं दगडावर आपटून फोडला, तुकडे झुडपात भिरकावले आणि पायरीवर बादलीभर पाणी ओतलं.

"चांगला कप होता," चौकीदार वारलू म्हणाला. चहा त्यानंच दिला होता.

"महारोग्याच्या तोंडचा कप साहेबलोकायले देऊ काय मी?"

इसरू बैलबंडीजवळच उभा होता. धानोऱ्याच्या या सरकारी विश्रामगृहात जळाऊ लाकडं तोच आणून टाकायचा. मागच्या महिन्यात तपासणीवाले गावात आले. त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले, पाठीवर कोंबडीचं पीस फिरवलं आणि लागलं की सांग म्हणाले. इसरू शेवटपर्यंत गप्पच राहिला होता.

"गोळ्या चालू हायेत, श्रावणभाऊ," तो म्हणाला. "बरा होतो म्हणते डॉक्टर."

"मंग बरा होऊन ये. लाकडं फाटकाबाहेर टाकत जाय."

इसरूनं मान खाली घातली आणि बैल वळवले. श्रावणला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या डोक्यात त्या आठवड्यात फक्त कॉफी होती.

नऊ वर्षं तो इथे रोजंदारीवर खानसामा होता. त्याच्या बापाला याच स्वयंपाकघराच्या पायरीवर कुणी उभं राहू दिलं नव्हतं, पाणीसुद्धा वरून ओतायचे. आता मोठमोठे साहेब श्रावणच्या हातचं चाटूनपुसून खात होते, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. राहिलं होतं ते फक्त कायम होणं. शेरेबुकात तीन मोठ्या साहेबांचे चांगले शेरे मिळव, मी कागद वर पाठवतो, असं इंजिनियरसाहेबांनी कबूल केलं होतं. दोन शेरे झाले होते. गुरुवारी नागपूरचे मोठे डॉक्टर यायचे होते, त्या तपासणीवाल्यांचेही साहेब. जेवणाखाण्यात भारी चोखंदळ. चहाला ते शिवत नाहीत, त्यांना एक्स्प्रेसो लागते, असं त्यांच्या ड्रायव्हरनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"मशीन कुठून आणता?" बायकोनं, अंजनाबाईनं विचारलं.

मशीन श्रावणनं एकदाच पाहिलं होतं, चंद्रपूरच्या एका लग्नात. फुसफुस करत दुधात वाफ सोडणारं आणि कपावर बोटभर फेस आणणारं. त्या मशीनवाल्यानंच गंमत म्हणून त्याला घरची रीत सांगितली होती. कपात कॉफीची पूड आणि साखर घ्यायची, पाण्याचे मोजून चार थेंब टाकायचे आणि चमच्यानं फेटत बसायचं. अर्धा तास थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं आणि नुसता गढूळ काढा झाला. दुसऱ्या दिवशी श्रावणनं कंटाळून लवकर हात थांबवला. चौथ्या दिवशी मात्र काळं मिश्रण तपकिरी झालं, मग फिकट होत होत लोण्यासारखं फुगलं. त्यानं चुलीवरचं उकळतं दुधाचं पातेलं उचललं आणि वरून धार सोडली. फेस काठापर्यंत आला आणि तिथेच टिकला.

वारलू पातेल्याकडे बघत होता. "सांडशी नाई, फडकं नाई. पोळत नाई काय बे तुले?"

"खानसाम्याचा हात हाय. पहिले पोळे. आता वर्षभर झालं, काई नाई होत."

अंजनाबाईनं मात्र परवाच त्याच्या करंगळीवर टपोरा फोड पाहिला होता. कधी भाजलं म्हणून विचारलं, तर त्याला आठवेना. तिनं हळद लावली आणि तो विषय तिथेच संपला.

गुरुवारी दुपारी चारला जीप आली. श्रावणनं धुवट शर्ट घातला होता. डॉक्टरांनी व्हरांड्यात बसून पहिला घोट घेतला, मिशीला लागलेला फेस पुसला आणि कपाकडे बघितलं.

"मशीन आहे इथे?"

"नाई साहेब. हातानंच फेटतो."

"अजून एक कर. माझ्यासमोर."

श्रावणला आभाळ ठेंगणं झालं. स्टोव्ह व्हरांड्यात आला. तो जीव तोडून फेटू लागला. पहिल्या खेपेची उरलेली कॉफी त्यानं वारलूलाही दिली होती, म्हणजे आनंद वाटायला कुणीतरी असावं. वारलू दाराशी उभा राहून फुरके मारत होता. दूध वर येताच श्रावणनं पातेलं उचललं, हात उंच नेला आणि एक थेंब न सांडता कप भरला.

डॉक्टरांनी तो कप तसाच बाजूला ठेवला.

"नाव काय तुझं?"

"श्रावण, साहेब."

"घरी कोण कोण आहे?"

"बायको अन् दोन पोरी."

डॉक्टरांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. शेरेबुक टेबलावर तसंच पडलं होतं. साहेब आधी कच्चं लिहीत असतील, असं श्रावणनं मनाशी ठरवलं. एवढ्या मोठ्या माणसाचा शेरा लांबलचक असणार.

"हा फोड कधीचा?"

"परवा दिसला, साहेब."

डॉक्टरांनी वही मिटली. मग म्हणाले, "हात पुढे कर. डोळे मीट. हाताला काही लागलं की सांग."

श्रावणला हसू आलं. चंद्रपूरच्या त्या लग्नात नवरदेवाला त्याच्या मामानं असेच डोळे मिटायला लावून हातावर नवं घड्याळ ठेवलं होतं. त्यानं हात लांब केला आणि डोळे घट्ट मिटले. बॅग उघडल्याचा आवाज झाला. अंजनाबाईला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे तो मनात जुळवू लागला. हातावर काहीच आलं नाही. साहेब शोधत असतील, त्याला वाटलं. घाई करणं बरं दिसलं नसतं.

दाराकडून मातीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कप फुटल्याचा. वारलू धांदरटच, श्रावणला वाटलं.

तो हात तसाच धरून वाट बघत राहिला.

"झालं, श्रावण," डॉक्टर म्हणाले. "डोळे उघड."