ऐंशी नंबरचं दार

तिसऱ्यांदा मशीननं तेच सांगितलं: परवानगी नाही. वनितानं कॉम्प्युटरचा कीबोर्ड बाजूला सारला.

उत्रोलीच्या भातगिरणीची वेबसाइट आज उघडायचीच होती. मालक धनाजीराव सकाळीच बजावून गेले होते, "तांदळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या न्हाईत, तर उद्यापास्नं तूबी येऊ नगो."

वेबसाइट तयार होती. पण इंटरनेटवरून गिऱ्हाईक येतं मशीनच्या ऐंशी नंबरच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, आणि हजारच्या आतली सगळी दारं उघडायचा मान फक्त रूटचा. रूट म्हणजे मशीनमधला पाटील. त्याचा पासवर्ड एकट्या मालकांकडं.

तिच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या गोरखनं तो मागितला होता. मालक आधी पांढरेफटक पडले, मग लाल झाले, आणि जेवणाच्या सुट्टीआधी गोरख भोरच्या एसटीत होता.

मालक स्वतः मशीनला कधी हात लावत नसत. दसऱ्याला हार घालत आणि दोन पावलं मागं सरत.

वनितानं इंटरनेटचा राउटर उलटा केला. त्याचा पासवर्ड खालच्या चिठ्ठीवर छापलेलाच होता. राउटरला कुणी देव मानत नव्हतं. तिनं राउटरवर, म्हणजे मशीनबाहेरच्या फाटकावरच निरोप ठेवला: ऐंशी नंबरला कुणी आलं, की त्याला आठ हजार ऐंशीच्या मागच्या दारानं आत घ्या. तिथं पाटलाला विचारावं लागत नाही.

वायफाय बंद करून तिनं मोबाईलवर पाहिलं. इंद्रायणी तांदळाचं पोतं झळकलं.

तेवढ्यात बाहेर बुलेट थांबली.

मालक आत आले. त्यांच्या मोबाईलवरही पोतंच होतं.

"उघडली?"

"व्हय, मालक."

"पासवर्ड कुणी दिला?"

"कुणीच न्हाई. पासवर्डाबिगर केलं."

"रूटबिगर?"

"व्हय."

मालकांनी वळून शटर ओढलं, पार जमिनीपर्यंत. गिरणीची घरघर बारीक झाली. वनिताला गोरख आठवला. त्याला निदान एसटी तरी मिळाली होती.

"कुणापाशी बोललीस?"

"न्हाई. मी परत होतं तसं करते, मालक. आत्ता करते."

"हात लावू नगो."

ते जवळ आले. तिनं खुर्ची मागं सरकवली. मागं भिंत होती. मालकांनी शटरकडं एकदा पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि तिच्या पुढ्यात फरशीवर चक्क मांडी घातली.

"हे मशीन आमच्या थोरल्या चिमाजीदादानं बसवलं," ते कुजबुजले. "जाताना पासवर्ड त्यानं माझ्याच कानात सांगितला, सगळ्यांदेखत. पण पोरी, नेमका तेवढ्यातच भावकीनं असा गळा काढला, की मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई."