जिभेचा चिमटा

नर्सच्या कानात कापूस आहे. सकाळी टेबलावरच दगावलेल्या मांजराची टोपली अजून कोपऱ्यातच आहे. बाहेरच्या बाकावर एक आजी कुत्र्याचा पट्टा हाताला गुंडाळून बसल्या आहेत. पलीकडच्या खोलीत कुत्र्यांचे केस वाळवायचा ड्रायर घोंघावतो आहे.

"हा ड्रायर एक दिवस माझ्या हातून मरणार, ताई," डॉक्टर म्हणाल्या. आजींचा कुत्रा दाढ काढायला भूल देऊन टेबलावर निजवला होता. "नाडी?"

"चालू आहे, मॅडम. जरा जास्तच पळतेय."

मॉनिटर टिकटिकत होता. मग नर्सला दिसलं, की नाडी मोजायला कुत्र्याच्या जिभेला लावलेला मॉनिटरचा चिमटा निसटून टेबलाच्या कडेला लोंबकळतो आहे. तो कशालाच लावलेला नव्हता. टिकटिक चालूच होती.

असं काही झालं, की चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावून बघायचा, ही दवाखान्यातली पद्धत. नर्सनं लावला. मशीन गप्प झालं.

"माझ्या बोटाला लावा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

गप्प.

जिभेला परत लावला. तरी गप्प.

"अहो, ड्रायर बंद करा कुणीतरी!" डॉक्टर ओरडल्या. स्टेथोस्कोप छातीवर दाबूनही त्यांना घोंघावण्याखेरीज काही ऐकू येईना.

नर्सच्या हातातून चिमटा सुटला. हवेत लोंबकळताच टिकटिक पुन्हा सुरू झाली, मांजराची नाडी पळते तशी भराभर.

सकाळी मांजर टेबलावर होतं, तेव्हा सारखा वाजून डोकं उठवतो म्हणून मॉनिटरचा अलार्म बंद करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं.