रंगवलेली खिडकी

बर्गंडीतल्या त्या जुन्या गावात अर्ध्या दिवसाची पायी सहल नेणारी सिडोनी पाहुण्यांना चर्चच्या मागे आवर्जून थांबवायची. तिथल्या भरीव दगडी भिंतीवर कुणीतरी फार पूर्वी एक खिडकी रंगवली होती. उघड्या झडपा, आणि मधे कोपर टेकून उभी असलेली बाई.

"बघा हिला," सिडोनी आजही म्हणाली. "गाव जेवायला जातं, ही जागची हलत नाही. रंगवलेली आहे, बिचारी."

पाहुणे हसले.

बाराचे टोल पडले तशा गावातल्या झडपा पटापट लागल्या. पाहुण्यांना निरोप देऊन सिडोनी त्याच गल्लीने घरी निघाली आणि थबकली. रंगवलेल्या खिडकीच्या झडपाही मिटल्या होत्या.

समोर पाववाला फिर्मां दुकान बंद करत होता.

"फिर्मां, ही खिडकी नव्याने कुणी रंगवली रे?"

"काहीतरीच काय. जेवायची वेळ झाली, लावून घेतली असेल तिने. तूही जा आता, भूक डोक्यात गेलीये तुझ्या." त्याने दार ओढून घेतलं.

सिडोनीने झडपेवर हात ठेवला. गार दगड, वाळलेला रंग. तिने कान लावला. आत काटे-चमचे वाजत होते. मग खुर्ची सरकली आणि कुणीतरी बोलू लागलं. आवाज सिडोनीचाच होता.

"बाहेर बघा तिला. गाव जेवायला गेलं, ती जागची हलत नाही. रंगवलेली आहे, बिचारी."

आत माणसं हसली.

सिडोनी हात मागे घ्यायला गेली. हात निघेना.