मानशीचा राखणदार

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा केला आणि पेनाने एक गोळा काढला. "ही गाठ." गोळ्याभोवती बारीक ठिपके दिले. "आणि या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. अंगाचे राखणदार."

"मग ते गाठीक मारीत नाय?" आनंदीने खाटेवरून विचारलं.

"मारायलाच जातात. पण गाठ लबाड. काहींना फितवते. मग तेच तिला नव्या रक्तवाहिन्या करून देतात, दुसऱ्या राखणदारांनाही अडवतात. बाहेरून वाटतं, पहारा चालू आहे."

बाबली खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हातात पेजेचा डबा; शेजारच्या सत्यवतीने सकाळी आणून दिलेला. नार्वे गावच्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, राखायचं काम बाबलीचं. भरतीला दार घालायचं, ओहोटीला उघडायचं, नदीचं खारं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही. यंदा चार भरत्यांना त्याने दार उघडं टाकलं आणि ओहोटीला जाळं लावलं. सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाटीपाटीने मिळाली. सत्यवतीचं भात उभ्याउभ्या करपलं. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांधाला भोकं पाडली, असं त्याने गावाला सांगितलं होतं. घरातही तेच.

आनंदी कागदाकडे बघत राहिली. "म्हंजे दोतोरबाई, मानशीचो राखणदारच खारा पाणी आत घेता."

"अगदी तसंच!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "मला नसतं सुचलं."

आनंदीने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"मग त्या पेशी..." बाबलीने विचारलं. "मारूनच टाकायच्या ना?"

"नाही हो. सगळ्याच मारल्या तर अंग राखणार कोण? त्यांना परत कामावर आणणारी औषधं निघालीत. सगळ्यांना लागू पडतात असं नाही. करून बघू."

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. आनंदीने डबा घेतला. सावकाश सगळी पेज प्यायली.

"गेल्या सालच्या तांदळाची आसा," ती म्हणाली. "यंदाचो सत्यवतीक खंय?"

बाबलीने रिकामा डबा घ्यायला हात पुढे केला.

"आज भरती कितक्याक?"

"साडेपाचांक."

"मगे जा. दार घाल." तिने डब्याचं झाकण लावून तो त्याच्या हातात दिला. "आणि तिचो डबो रिकामो दिव नको. कायतरी घाल त्यात."

डबा धरून तो तसाच उभा राहिला. डब्यात घालण्यासारखं घरात एकच होतं. सुक्या सुंगटांचं मडकं तेवढं काठोकाठ भरलेलं होतं.