अकराशे मीटर

अंकगणिती श्रेढी म्हटलं की दहावीच्या वर्गाला झोपच यायची. पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर लिहून लिहून नाकाडोंगरीला नव्यानेच बदलून आलेले भूषण सर पार वैतागले. शेवटी त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ते बोरिंग दिसतंय ना? तिथून पाच-पाच मीटरवर, एका रांगेत वीस झाडं आहेत. आपले रोजंदारीवरचे शिपाई ईश्वरकाका एका झाडाला एक बादली टाकतात आणि दर वेळी परत बोरिंगवर येतात. रोज किती चालत असतील? सूत्र वापरा!"

सगळ्या वर्गाचं उत्तर आलं एकवीसशे मीटर. सरांचा जीव भांड्यात पडला. पण पहिल्याच तासाला डुलक्या घेणाऱ्या चंदाच्या वहीत अकराशे! पाहतात तर काय, पोरीनं दुसरं, चौथं, सहावं अशी एक सोडून एक दहाच झाडं धरलेली.

"आणि बाकीची दहा काय वाळवून मारतेस?" सर कडाडले. "डोळ्यासमोरचं उदाहरण दिलं, तरी डोकं म्हणून चालवायचं नाही!"

वर्ग फिदीफिदी हसला. चंदा टेबलाजवळ आली आणि फक्त सरांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,


"बाकीच्या झाडाईले शाळा भरायच्या आदी मीच पाणी टाकतो, सर. टोंगळ्याच्या दुखण्यानं बाबाले आता तेवढं चालवत नाही... पण हेडसरले सांगू नका."