खुंटीवरचा मग

वेइक्को वारला त्याला वर्ष होत आलं, तरी तांपेरे शहरातल्या त्याच्या ऑफिसात, क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये, त्याचं खातं होतंच. त्याची सहकारी सिनी एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅममार्फत, ते पुसायचा हुकूम सोडायची, ‘खातं काढून टाकलं’ असं उत्तर यायचं, आणि पुन्हा विचारावं तर खातं जागच्या जागी!

“अगं, त्याचा कॉफीचा मग अजून त्याच्या खुंटीवर आहे. कसा जाईल तो?” शेजारचा आर्ने हसला.

सिनीलाही गंमत वाटली. तिने मग उतरवला, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि पुन्हा हुकूम सोडला. या वेळी खातं खरंच गेलं.

“बघ, गेला!”

“हो,” आर्ने स्क्रीनकडे बघत पुटपुटला, “पण सिनी, तुझंही खातं दिसत नाहीये.”

सिनीने वळून पाहिलं. तिचा मग टांगलेली खुंटीही रिकामी होती.

तिने खोकं उघडलं. आत दोन मग होते, कागदात नीट गुंडाळलेले.