दोनशेच्या अलीकडे

गाडी जागच्या जागी ताशी दीडशेच्या वेगाने धावत होती. जाड पट्ट्यांनी ती जमिनीला जखडलेली होती आणि मागची चाकं डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, जमिनीत बसवलेल्या रोलरवर फिरत होती. समोर माणसाच्या उंचीचा पंखा घोंघावत होता. स्टिअरिंगवर मुलगी होती. काचेपलीकडच्या खोलीत तिचे बाबा कानांत बोटं घालून उभे होते.

आवाज चढत चढत शिगेला पोचला आणि एकदम ओसरला. रोलर सावकाश थांबले. संगणकापाशी बसलेल्या डायनोवाल्याने पडद्याकडे बघून मान हलवली.

"एकशे शहाण्णव पॉइंट चार."

ही तिसरी आणि शेवटची खेप होती. ठरलं होतं दोनशे हॉर्सपॉवर.

पैज बाबांनीच लावली होती. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते. आणि तिने काय केलं? गॅरेज टाकलं. लोकांच्या गाड्या उघडायच्या, इंजिनाची ताकद वाढवून द्यायची, संध्याकाळी कोपरापर्यंत काळी होऊन घरी यायचं. बाबांच्या ते घशाखाली उतरेना. शेवटी त्यांच्या आग्रहाखातर तिने एका कॉलेजात मुलाखत दिली. नेमणुकीचं पत्र आलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "तुझी ती गाडी कंपनीतून निघाली तेव्हा एकशे चाळीस हॉर्सपॉवरची होती ना? दोनशे करून दाखव. मी नोकरीचं नावही काढणार नाही. नाही झाली, तर सोमवारी निमूटपणे रुजू व्हायचं."

"मान्य," ती म्हणाली होती आणि भाताकडे हात नेला होता.

आता ती गाडीतून उतरून आत आली. छापलेला कागद तिने डायनोवाल्याकडून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि बाबांच्या हातात दिला.

"तुम्हीच तपासून घ्या," एवढंच म्हणाली.

बाबांनी चष्मा लावला. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेमतेम. कागदावरची रेघ बघत ते उभे राहिले. डावीकडून उजवीकडे ती अशी चढत गेली होती की कुठे खड्डा नाही, कुठे धक्का नाही. इतकी सुबक रेघ त्यांना फळ्यावर उभ्या जन्मात जमली नव्हती. गॅरेज टाकल्यापासूनचे आठ महिने ही पोरगी काय करत होती, ते त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली. हवेचं तापमान, पंचवीस.

त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. एकोणचाळीस.

कागदाची घडी घालून खिशात टाकली की संपलं. कोणाला कळणारही नव्हतं. बाबांनी घडी घातली. अर्धी. मग खाकरले आणि कागद पुन्हा उलगडला.

"अहो, हे पंचवीस कुठून आलं?"

"सकाळचं असेल, काका," डायनोवाला म्हणाला. "तापमानाचा सेन्सर बिघडलाय, आकडा हातानेच टाकावा लागतो. राहून गेलं."

"राहून गेलं?" बाबांचा आवाज असा चढला की डायनोवाला खुर्चीतून उठून उभाच राहिला. "हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. तेवढं आकड्यात वाढवून धरायला नको? पेन द्या इकडे!"

त्यांनी कागद उलटा केला. वर्गमूळ काढलं, गुणाकार केला, एकदा खोडलं, पुन्हा केला. खाली दोन रेघा मारल्या. "आता तुमच्या यंत्रात एकोणचाळीस टाका. बघू काय म्हणतंय."

डायनोवाल्याने आकडा टाकला. पडदा लुकलुकला. दोनशे एक पॉइंट आठ.

"आलं!" बाबा ओरडले. त्यांनी हातातला कागद पडद्याशेजारी धरला. तिथेही दोनशे एक पॉइंट आठ. "आलं की नाही! अगदी तंतोतंत!" त्यांनी डायनोवाल्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो टेबलावर आपटता आपटता वाचला.

"काका," तो पाठ चोळत हसला, "पण तुम्ही हरलात की."

बाबांचा हात हवेतच राहिला. आपण कोणाच्या बाजूने होतो, हे त्यांना आत्ता आठवलं. क्षणभर ते गोंधळले. मग त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता चष्मा पुसावा लागला.

"हरलो तर हरलो. म्हणून काय चुकीचा आकडा घरी न्यायचा?" ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. "आणि तू गं? एवढी इंजिनिअर, कागद डोळ्यांखालून घातलास, तुला ते पंचवीस दिसलं नाही?"

"दिसलं होतं. पहिल्याच खेपेला."

"मग तोंड शिवलं होतं का? मी गप्प बसलो असतो तर सोमवारी कॉलेजात उभी असतीस!"

"मी बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असता, हरली आणि आता सबबी सांगतेय." तिने काळे हात फडक्याला पुसले. ती आता मनमोकळी हसत होती. "गाडीची मला धाकधूक होती, बाबा. तुमची नव्हती."